एवढ्याशा इअरफोनमध्ये एवढा बेस येतो कुठून?

मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमजवळ उभं राहिलात तर बेसच्या डब्यांचा आकार लगेच डोळ्यांत भरतो. पंधरा-अठरा इंच व्यासाचे पडदे नुसत्या डोळ्यांना दिसतील इतके आतबाहेर हलत असतात, तेव्हा कुठे छातीवर ठोका जाणवतो. घरच्या होम थिएटरलाही बेससाठी वेगळा सबवूफर लागतो. मोबाइलच्या स्पीकरवर तबला लावला, तर चाटेचे बोल खणखणीत येतात आणि डग्गा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे खालचा आवाज हवा तर स्पीकर मोठा हवा, हे आपल्याला अनुभवाने पटलेलं असतं.

मग करंगळीच्या पेराएवढा, चार-पाचशे रुपयांचा इअरफोन कानात घातल्यावर तोच डग्गा इतका भरदार कसा ऐकू येतो? याच्या जोडीला आणखी एक कोडं आहे. तोच इअरफोन कानात जरासा सैल झाला की डग्गा निघून जातो, गायिकेचा आवाज मात्र जवळजवळ तसाच राहतो. गाणं तेच, फोनवरची आवाजाची पट्टीही तिथेच. मग एकटा बेस कुठे जातो?

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. इअरफोनचा बेस इअरफोन आणि कान दोघे मिळून तयार करतात, आणि त्यात कानाचा वाटा आपण समजतो त्याहून फार मोठा आहे. हे नीट उमगलं की ‘एक्स्ट्रा बेस’, ‘डीप बेस’ अशा पाट्यांच्या गर्दीतून निवड करणं, दोन जोड्या ताडून पाहणं आणि हाताशी असलेल्या जोडीतून चांगला आवाज काढणं ही सगळीच कामं सोपी होतात.

बेस म्हणजे नेमका कोणता आवाज?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली भराभर होणारी चढउतार. ही चढउतार एका सेकंदात जितक्या वेळा होते, ती त्या आवाजाची वारंवारता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढा पल्ला ऐकू येतो. त्यातला २५० हर्ट्झच्या खालचा भाग म्हणजे ढोबळमानाने बेस.

या भागाचेही दोन मजले आहेत. ६० हर्ट्झच्या खाली असतो तो सब-बेस. पियानोची सर्वांत डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झची, बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची. हा आवाज ऐकण्यापेक्षा अंगावर जाणवतो असं आपण म्हणतो. ६० ते २५० हर्ट्झपर्यंतचा मिड-बेस. ढोलाच्या ठोक्याचा भरीवपणा, डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची गंभीर थाप यांचा बराचसा ऐवज इथे असतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरही साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे याच मजल्यावर असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण बेस वाढवल्यावर गाणं का बिघडतं, याचं मूळ तिच्यात आहे.

मोकळी हवा आणि कोंडलेली हवा

५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत सुमारे सात मीटर लांब असते. इतकी लांब आणि संथ लाट मोकळ्या हवेत उठवायची तर पुष्कळ हवा हलवावी लागते, कारण हळू ढकललेली हवा दाबली जाण्याऐवजी बाजूला सरकते. हिशेब करून पाहिला, तर एक मीटरवर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगलाच मोठा, ५० हर्ट्झचा आवाज पोचवायला स्पीकरला सुमारे १०० घनसेंटिमीटर हवा मागेपुढे करावी लागते. २५ हर्ट्झचा तेवढाच मोठा आवाज हवा असेल तर चौपट. स्वर एक सप्तक खाली उतरला की काम चौपट होतं, आणि म्हणूनच बेसचे स्पीकर एवढे अवाढव्य असतात.

आता सुई नसलेली एक प्लास्टिकची सिरिंज घ्या. तोंड उघडं ठेवून दट्ट्या ढकलला, तर हवा निघून जाते, समोर धरलेल्या अंगठ्याला फार तर फुंकर लागते. पण तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या अगदी किंचित सरकवा. तेवढ्यानेही अंगठ्यावर दाब येतो. हवेला पळायला जागाच उरलेली नसते, त्यामुळे दट्ट्याची सगळी हालचाल दाबात उतरते.

कानात खोवलेला इअरफोन नेमकं हेच करतो. त्याच्या आतला पातळ पडदा हा दट्ट्या, कानाचा पडदा हा अंगठा आणि दोहोंच्या मधली कर्णनलिका ही सिरिंजची नळी. प्रौढ माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. इअरफोन बसवल्यावर तिच्यात एक-दोन घनसेंटिमीटर हवा कोंडली जाते. एवढ्याशा हवेत तेच ९४ डेसिबल निर्माण करायला तिचं आकारमान दहा लाख भागांतल्या सातेक भागांनी कमी-जास्त करणं पुरतं. म्हणजे घनमिलिमीटरचा सुमारे सत्तरावा भाग. त्यासाठी दहा मिलिमीटरच्या पडद्याला एक मायक्रॉनसुद्धा हलावं लागत नाही, आणि आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंदिस्त जागेत खाली उतरताना काम चौपट होत नाही. ५० हर्ट्झला जेवढी हालचाल लागते तेवढीच २५ हर्ट्झला लागते. म्हणून नीट बसलेला साधा इअरफोन जे खोल स्वर देऊ शकतो, ते दिवाणखान्यातल्या महागड्या स्पीकरलाही कधी कधी जमत नाहीत.

फट पडली की आधी बेसच का जातो?

सिरिंजवरचा अंगठा थोडा कलता करून बारीक फट ठेवा. दट्ट्या हळूहळू दाबला तर हवा फटीतून सावकाश निघून जाते आणि दाब तयारच होत नाही. झटका देऊन दाबला तर हवेला निसटायला वेळ मिळत नाही आणि अंगठ्याला दाब जाणवतो.

५० हर्ट्झच्या आवाजात दाब एका दिशेने १० मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात इअरफोनची रबरी टोपी आणि कान यांच्या मधल्या फटीतून हवा आरामात आतबाहेर होते. ५,००० हर्ट्झला हाच वेळ एक दशांश मिलिसेकंद असतो. एवढ्या वेळात फटीतून फारसं काही निसटत नाही. म्हणून गायिकेचा आवाज, झांज, चाटेची किनार हे सगळं जागेवर राहतं आणि डग्गा निघून जातो. गळती जेवढी मोठी, तेवढा बेसचा वरचा मजलाही रिकामा होत जातो.

मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा नाहीसा होतो याचंही कारण हेच, तो मोकळ्या हवेत वाजत असतो. तरी आपल्याला ‘इथे डग्गा आहे’ एवढं कळतं, कारण प्रत्येक खालच्या स्वरासोबत त्याचे वरचे सहस्वर येत असतात. ते ऐकून मेंदू न वाजलेला मूळ स्वर मनाशी भरून घेतो.

कोंडलेल्या हवेची ताकद पडताळायला काहीही विकत आणावं लागत नाही. दोन्ही कानांत बोटं हलकेच दाबून धरा आणि तोंड मिटून गुणगुणा. स्वतःचा आवाज एकदम खोल, घुमणारा लागेल. हाडांतून आलेली कंपनं एरवी उघड्या कानातून बाहेर निघून जातात, ती आता आत अडकली. इअरफोन घालून चालताना स्वतःची पावलं धप्प धप्प ऐकू येतात, जेवताना चावण्याचा आवाज मोठा होतो, तेही यामुळेच. ही कटकट वाटत असली, तरी इअरफोन कानात व्यवस्थित बसल्याची ती खूण आहे.

रबरी टोपी: सर्वांत स्वस्त, सर्वांत महत्त्वाची

इअरफोनच्या खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा सिलिकॉनच्या टोप्या येतात. बहुतेक जण मध्यम टोपी लावलेलीच राहू देतात आणि बाकीच्या खोक्यासह कपाटात जातात. बेसच्या दृष्टीने यापेक्षा मोठं नुकसान नाही. कर्णनलिकेची रुंदी आणि वळण माणसागणिक वेगळं असतं. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या कानातही फरक असतो, त्यामुळे एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठी टोपी लागली तर त्यात वावगं काहीच नाही.

टोपी बसवायची रीतही आहे. एका हाताने कानाची पाळी वरच्या अंगाने मागे-वर ओढली की नळी सरळ होते. तेव्हा इअरफोन किंचित फिरवत आत सरकवायचा आणि पाळी सोडायची. मग डग्ग्याचा किंवा बेस गिटारचा एखादा तुकडा लावून इअरफोन बोटाने अगदी हलकेच आत दाबायचा. बेस तेवढाच राहिला, तर टोपी बरोबर आहे. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर आतापर्यंत गळती होत होती. मोठी टोपी लावून पाहा. जबडा उघड-मिट केल्यावर बेस येत-जात असेल तरीही तोच इलाज, कारण जबड्याच्या हालचालीने कर्णनलिकेचा आकार बदलतो.

सिलिकॉनची टोपी कानात नीट बसत नसेल तर फोमच्या टोप्या मिळतात. त्या बोटांनी चेपून कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. त्या नळीच्या आकारानुसार बसतात, बाहेरचा आवाज चांगला अडवतात आणि वरच्या पट्टीची धार थोडी कमी करतात. मात्र त्या लवकर झिजतात. काही वायरलेस इअरबडमध्ये टोपी तपासायची सोय असते. आतला छोटा माइक कानात वाजवलेला आवाज ऐकतो आणि खालचे स्वर कमी भरले तर ‘टोपी बदला’ असं सांगतो.

पूर्वी फोनसोबत येणारे कठीण प्लास्टिकचे, टोपी नसलेले इअरफोन कानाच्या तोंडाशी नुसते टेकत. त्यांत बेस पातळ लागायचा तो ह्या गळतीमुळे.

आत काय असतं?

बेसप्रधान इअरफोनमध्ये बहुधा डायनॅमिक ड्रायव्हर असतो. म्हणजे लहानसा चुंबक, त्याच्या खाचेत तारेचं बारीक वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. गाण्याचा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून गेला की ते चुंबकाने ओढलं-ढकललं जातं आणि पडदा हलतो. या पडद्यांचा व्यास साधारण सहा ते चौदा मिलिमीटर असतो.

दुसरा प्रकार बॅलन्स्ड आर्मेचरचा. हा मूळचा श्रवणयंत्रांच्या घराण्यातला. चुंबकांच्या मध्ये तोललेली धातूची बारीक पट्टी हलते आणि एका काडीने जोडलेला छोटा पडदा हलवते. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीचा १९९१ सालचा ईआर-४ हा या जातीतला गाजलेला इअरफोन. बारकावे स्वच्छ, बेस मापात. पुढे दोन्हींची सांगड घालून संकरित इअरफोन निघाले, त्यांत खालच्या स्वरांना डायनॅमिक आणि वरच्यांना आर्मेचर.

जाहिरातींत ड्रायव्हरच्या आकाराला फार महत्त्व दिलेलं असतं. पण बंदिस्त कानात एक मायक्रॉनहून कमी हालचाल पुरते, हे आपण पाहिलं. त्यामुळे चौदा मिलिमीटरचा ड्रायव्हर दहा मिलिमीटरवाल्यापेक्षा जास्त बेस देईलच असं नाही. बेस किती वाढवायचा हे बनवणारा पडद्याच्या लवचिकतेने, आतल्या जाळीने आणि कवचावरच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी ठरवतो. पडद्यामागचं भोक हवेला मोकळीक देतं, ते बुजलं तर मागची हवा स्प्रिंगसारखी अडते आणि बेस घटतो. पुढच्या बाजूचं भोक ही मुद्दाम ठेवलेली गळती असते, ती बंद केली तर बेस वाढतो. सेनहायझरच्या आयई ८ या इअरफोनमध्ये तर बेस कमी-जास्त करायला कवचावर एक इवलासा स्क्रूच दिलेला होता.

बेस वाढवून का देतात?

खालच्या स्वरांच्या बाबतीत आपला कान मंद आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. आजचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा हलका आवाज जेवढा वाटतो, तेवढाच वाटायला ५० हर्ट्झचा आवाज जवळपास ७८ डेसिबलचा असावा लागतो. आवाज वाढवत नेला की ही दरी कमी होते. म्हणून हळू आवाजात गाणं पोकळ आणि मोठ्या आवाजात भरीव लागतं.

दुसरं कारण शरीराचं. स्पीकरचा बेस कानासोबत छातीला, पायांखालच्या फरशीला जाणवतो आणि खोलीच्या भिंतीही त्यात भर घालतात. इअरफोनमध्ये यातलं काहीच नसतं. ती उणीव भरून काढायला खालची पट्टी थोडी उचलावी लागते. हार्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून पसंती नोंदवली, तेव्हा बहुसंख्यांना बेस माफक उचललेलाच आवाज आवडला. मात्र किती उचललेला, हे वय आणि ऐकण्याचा सराव यांनुसार बदललं. त्यामुळे बेसप्रधान इअरफोन आवडणं म्हणजे कान तयार नसणं, असं कुणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. बेस कुठे आणि किती वाढवलाय, एवढाच प्रश्न महत्त्वाचा.

जास्तीचा बेस गाणं झाकतो तेव्हा

वेगेल आणि लेन या संशोधकांनी १९२४ साली दाखवलं, की खालचा मोठा आवाज वरच्या हलक्या आवाजाला सहज झाकतो, पण वरचा खालच्याला तितका झाकू शकत नाही. कारण आतल्या कानाच्या रचनेत आहे. शंखाच्या आकाराच्या त्या अवयवात वरचे स्वर दाराशीच टिपले जातात आणि खालचे अगदी टोकाला. खालच्या स्वराची लाट टोकापर्यंत जाताना वरच्यांची जागा हलवत जाते. ही लाट प्रत्यक्ष पाहून समजावून देणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचं नोबेल मिळालं.

म्हणून बेसचा फुगवटा कुठे आहे याला फार महत्त्व. तो १०० हर्ट्झच्या खाली असेल आणि २०० हर्ट्झपर्यंत उतरून सपाट होत असेल, तर ठोका दमदार येतो आणि गळा मोकळा राहतो. तोच फुगवटा २००-३०० हर्ट्झपर्यंत पसरला, की पुरुषाचा आवाज घागरीतून आल्यासारखा जड होतो आणि हार्मोनियम-सारंगीवर मळभ येतं.

माझ्या वापरात बरेच दिवस दोन जोड्या आहेत. दोन्ही बेसप्रधान, दोन्हींत दहा मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर. पहिल्या ऐकण्यात एक ‘जोरदार’ आणि दुसरी ‘साधी’ वाटते. फरक खरा कळतो तो तबल्याच्या एकल वादनात. डग्ग्यावर बोटांचा आघात झाल्यावर वादक मनगटाचा गड्डा शाईच्या कडेने पुढे घासतो आणि ‘घे’चा स्वर खालून वर चढत जातो. जोरदार जोडीत हा चढ सुरू होताना माफक असतो, मध्येच एका ठिकाणी एकदम फुगतो आणि पुढे दबतो. स्वर सरकताना त्या जोडीच्या फुगवट्यातून जातो, हे त्याचं कारण. वादकाने न दिलेला जोर इअरफोन देतो. दुसऱ्या जोडीत चढ सलग येतो, तळहाताचं कातड्यावरचं घर्षण ऐकू येतं आणि पुढचा चाटेचा बोल कोरडा, सुटा लागतो. नाचायला लावणाऱ्या गाण्यांना मी अजूनही पहिली जोडी घेतो, तबला-पखवाजासाठी मात्र दुसरीच.

तुलना कशी करावी?

दोन जोड्या ताडून पाहताना बहुतेकदा आपण इअरफोनऐवजी टोप्यांची आणि आवाजाच्या पातळीची तुलना करून बसतो. हे टाळायचं तर क्रम पाळा.

१. दोन्ही जोड्यांना आपापल्या कानाला नेमक्या बसणाऱ्या टोप्या लावा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. फोनमधला इक्वलायझर, बेस बूस्ट, ‘थ्रीडी’ वगैरे सगळं बंद करा. गाणं आणि फोन तोच ठेवा.

३. आवाजाची पातळी जुळवा. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि मोठ्या आवाजात बेसही जास्त भरतो. पातळी जुळवताना ढोलाकडे लक्ष न देता तानपुरा किंवा एकट्या गळ्याचा तुकडा लावा. गळा दोन्हींत सारखा लागला की मग बेस ऐका.

४. दहा-पंधरा सेकंदांचा छोटा तुकडा निवडा आणि लगेच जोडी बदला. आवाजाच्या बारकाव्यांची आठवण फार थोडा वेळ टिकते. काल ऐकलेल्या इअरफोनशी आज तुलना करणं विश्वासाचं नाही.

५. आधी बेसची खोली ऐका, मग ठोक्याची सुरुवात, मग त्याचं विरणं. ठोका संपल्यावर शांतता येते की घूं असं काही रेंगाळत राहतं? शेवटी त्या ठोक्यासोबतचे शब्द स्पष्ट लागतात का ते पाहा.

६. १०० पासून २० हर्ट्झपर्यंत उतरत जाणारा सलग स्वर इंटरनेटवर सहज मिळतो. तो हळू आवाजात लावा. मध्येच एकदम वाढला तर तिथे फुगवटा आहे, खरखर आली तर पडद्याची मर्यादा आली, आणि एकाच कानात लवकर हरवला तर त्या बाजूची टोपी सैल आहे.

तुलनेसाठी गाणंही तसंच हवं. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक भोंग्यासमोर गात आणि खालचे स्वर तबकडीवर जवळपास उतरतच नसत. त्या काळातल्या नाट्यपदांच्या तबकड्या बेसप्रधान इअरफोनवर ऐकल्या, तर बेस वाढत नाही, खालची घरघर तेवढी वाढते. अशा ध्वनिमुद्रणांना सौम्य इअरफोनच बरा.

खोक्यावरचे आकडे

‘१० ते ४०,००० हर्ट्झ’ असं खोक्यावर छापलेलं असतं. त्या टोकांना आवाज किती डेसिबलने घसरतो हे सोबत दिलेलं नसेल, तर त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. ‘एक्स्ट्रा बेस’ या शब्दांनाही ठरलेलं माप नाही. विश्वासार्ह आहे तो मोजून काढलेला आलेख. आडव्या रेषेवर हर्ट्झ, उभ्या रेषेवर डेसिबल. डाव्या बाजूचा उंचवटा कुठे सुरू होतो आणि २०० हर्ट्झला येईपर्यंत उतरतो का, एवढं पाहिलं तरी बेसबद्दलचा अर्धा निर्णय होतो. हे आलेख मानवी कानासारख्या बनवलेल्या बंद धातूच्या नळीत काढतात, म्हणजे त्यात टोपी अगदी नीट बसलेली असते हे मात्र विसरू नका.

बेस थोडा कमी-जास्त हवा असेल तर नवी जोडी घ्यायची गरज नाही, इक्वलायझर पुरतो. ६० हर्ट्झची पट्टी पाच डेसिबल वाढवायची असेल, तर इक्वलायझरमधली एकूण पातळी तेवढीच खाली घ्या. नाहीतर मोठे ठोके मर्यादेबाहेर जाऊन फाटतात.

देखभाल

बेस अचानक कमी झाला, तर आधी टोपी पाहा. सिलिकॉनला चीर गेली किंवा ती ताठ झाली की गळती सुरू होते. टोपी काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा. नळीच्या तोंडावरच्या जाळीत मळ साचला तर एका बाजूचा आवाज मंदावतो. इअरफोन जाळी खाली येईल असा धरून मऊ, कोरड्या ब्रशने झटका. जाळीत किंवा कवचाच्या भोकात टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. तारेच्या इअरफोनमध्ये तार शर्टाला घासल्याचा धडधडाट होत असेल, तर तार कानामागून फिरवून घाला.

कानांचा हिशेब

लोकल किंवा एसटीतली घरघर मुख्यतः खालच्या स्वरांची असते. ती गाण्याचा बेस झाकते, आणि बेस परत मिळवायला आपण सगळाच आवाज वाढवतो. धोका इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मुभा फक्त चार तासांवर येते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

यावरही उपाय तोच आहे. नीट बसलेली टोपी बेस आत राखते आणि घरघर बाहेर ठेवते, त्यामुळे कमी आवाजात पुरेसा बेस मिळतो. नॉइज कॅन्सलेशनही या खालच्या घरघरीवरच सर्वांत चांगलं चालतं, कारण लांब, संथ लाटेला बरोबर उलटी लाट तयार करून मिटवणं सोपं असतं. फक्त रस्ता ओलांडताना, गाडी चालवताना आणि रुळांजवळ इअरफोन काढून ठेवा.

चौकट: थोडक्यात

• इअरफोनचा बेस कोंडलेल्या हवेतून येतो. गळती झाली की आधी बेस जातो.
• हलकेच दाबल्यावर बेस वाढला, तर टोपी लहान आहे. दोन कानांना दोन आकार लागू शकतात.
• ड्रायव्हरच्या आकारावरून बेस ठरत नाही.
• चांगल्या बेसचा फुगवटा २०० हर्ट्झपर्यंत उतरतो आणि गळ्याला हात लावत नाही.
• तुलना करताना आधी टोपी, मग पातळी, मग छोटा तुकडा.
• ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलला चार तास.

नवी जोडी घेण्याआधी

बेसप्रधान इअरफोनच्या बाजारात दर आठवड्याला काहीतरी नवं येतं आणि जुनी जोडी फिकी वाटू लागते. अशा वेळी आधी कपाटातलं जुनं खोकं उघडा, त्यातल्या न वापरलेल्या टोप्या काढा आणि दोन्ही कानांवर एकेक करून लावून पाहा. बसल्या नाहीत तर फोमच्या टोप्यांची एक पुडी आणा, तिला नव्या जोडीच्या मानाने फार थोडे पैसे पडतात. मग ओळखीचं गाणं लावा, फोनचा आवाज नेहमीपेक्षा दोन घरं खाली ठेवा आणि डग्गा ऐका. एवढं करूनही मन भरलं नाही, तरच दुकानात जा. जाताना तुम्हाला नेमक्या बसलेल्या टोप्या खिशात ठेवा आणि दुकानदाराने दाखवलेली प्रत्येक जोडी त्याच टोप्या लावून ऐका.